ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० (१९६९) : पुनर्बांधणीनंतरच्या वापराचा अनुभव

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींविषयी तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात : त्या तेल गाळतात, त्यांच्या वायरिंगचा भरवसा नसतो आणि त्या चालवण्यापेक्षा दुरुस्त करण्यातच अधिक वेळ जातो. पूर्ण उघडून नव्याने बांधलेली १९६९ च्या हंगामातील (म्हणजे त्या वर्षीच्या मॉडेलची) ट्रायम्फ बॉनव्हिल मी गेले अनेक महिने रोजच्या कामांसाठी आणि लांबच्या प्रवासासाठीही वापरत आहे. या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ गाडीच्या रचनेपेक्षा तिच्यावर पुढे होत गेलेल्या घाईच्या दुरुस्त्यांमध्ये सापडते. जी कामे बाहेरून दिसत नाहीत, ती नीट झाली असतील तर ही गाडी विश्वासाने चालते. ती राहिली असतील तर रंग आणि क्रोम यांवर कितीही खर्च केला तरी उपयोग होत नाही.

गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. इंजिन ६४९ सीसीचे, ७१ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८२ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या हालचालीची लांबी), दोन सिलिंडर शेजारी-शेजारी असलेले आहे. या मांडणीचे मूळ एडवर्ड टर्नर यांच्या १९३७ च्या स्पीड ट्विनमध्ये आहे. बॉनव्हिल बाजारात आली ती १९५९ मध्ये, आणि १९६३ पासून इंजिन व गिअरबॉक्स एकाच चेंबरमध्ये (धातूच्या बाहेरील पेटीत) आले. १९६८ ते १९७० या काळातील गाड्या मला सर्वांत समतोल वाटतात, कारण पुढचा ८ इंची ड्रम ब्रेक तोवर चांगला सुधारला होता आणि तेल चौकटीतच साठवणारी १९७१ ची उंच फ्रेम अजून यायची होती. विकत घेताना इंजिनावरील आणि फ्रेमवरील क्रमांक जुळतात का हे आधी पाहावे. या हंगामापासून क्रमांकापूर्वी दोन अक्षरे असतात, पहिले महिन्याचे आणि दुसरे हंगामाचे. माझ्या गाडीवर पी आणि सी ही अक्षरे आहेत, म्हणजे ती १९६९ च्या हंगामातील असली तरी मेरिडनच्या कारखान्यात नोव्हेंबर १९६८ मध्ये तयार झाली.

पुनर्बांधणीतील सर्वांत महत्त्वाचे काम कोणते, असे मला विचारले तर मी क्रँकमधील (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्यातील) स्लज ट्रॅपचे, म्हणजे गाळ पकडणाऱ्या नळीचे, नाव घेईन. त्या काळच्या या इंजिनात आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. तेलाच्या टाकीत आणि चेंबरच्या तळाशी जाळ्या आहेत, पण त्या फक्त मोठे कण अडवतात. बारीक गाळ पकडण्यासाठी क्रँकच्या पोकळ भागात एक नळी बसवलेली असते. क्रँक फिरताना जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन त्या नळीत साठतात आणि स्वच्छ तेल बिग-एंड बेअरिंगकडे (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो तेथील बेअरिंगकडे) जाते. योजना उत्तम आहे, पण नळी भरली की तेलाची वाटच बंद होते, आणि ती साफ करण्यासाठी इंजिन पूर्ण उघडण्यावाचून दुसरा मार्ग नाही. म्हणूनच ‘इंजिन नुकतेच केले आहे’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांमध्ये नवे पिस्टन आणि रिंगा असतात, पण स्लज ट्रॅपला कोणी हात लावलेला नसतो.

माझ्या गाडीतही तसेच निघाले. ट्रॅपचा स्क्रू फिरू नये म्हणून कारखान्यातच पंचाने ठोकून बंद केलेला असतो आणि ती मूळची खूण जशीच्या तशी होती. ती खूण ड्रिलने अलगद काढून, भाग तापवून, इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरने स्क्रू सोडवावा लागला; फ्लायव्हीलचा जो बोल्ट नळीला जागेवर धरून ठेवतो, तोही आधी काढावा लागतो, अन्यथा नळी हलत नाही. बाहेर आलेली नळी काळ्या, घट्ट, नखाने कोरावा लागेल अशा गाळाने जवळजवळ पूर्ण भरलेली होती आणि मध्ये फक्त एक अरुंद वाट शिल्लक होती. गाळाचा तुकडा बोटांत चोळल्यावर त्यातील धातूचा चुरा उन्हात चमकत होता. त्यानंतर क्रँकची सर्व छिद्रे धुऊन, दाबाच्या हवेने साफ करून, क्रँक ग्राइंड केला आणि त्या मापाचे नवे बिग-एंड शेल बसवले. टायमिंग कव्हरमधील क्रँकच्या टोकावरचे ऑइल सीलही त्याच वेळी बदलले. हे सील स्वस्त असले तरी या इंजिनाचा तेलाचा दाब त्यावर अवलंबून असतो, त्यामुळे कव्हर उघडले की ते बदलावेच, असे माझे मत आहे.

आटे आणि पाने यांचा प्रश्न नवख्यांना फार छळतो. या गाडीवर व्हिटवर्थ घराण्यातील आटे, सायकलींवरून आलेले बारीक आटे आणि काही ठिकाणी नव्याने आलेले युनिफाइड आटे असे सर्व एकत्र नांदतात. व्हिटवर्थ पान्यावरील आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. त्यामुळे पाव इंची व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिमीचा भरतो. तेथे १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल पडून नटाचे कोपरे गोल करतो. माझ्या गाडीवरील कितीतरी नट अशा तऱ्हेने खाल्लेले होते. योग्य पान्यांचा संच गाडीच्या आधी घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता तेलगळतीविषयी. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात, त्यामुळे चेंबरमधील हवेचा दाब प्रत्येक फेऱ्यात मोठ्या प्रमाणात बदलतो. ती हवा बाहेर सोडण्यासाठी १९६९ च्या मॉडेलमध्ये इनलेट कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी फिरणाऱ्या चकतीचा ब्रीदर आहे. ब्रीदर किंवा त्याची नळी तुंबली, की दाब प्रत्येक जोडातून तेल बाहेर ढकलतो, आणि मग पॅकिंगवर कितीही सीलंट थापले तरी गळती थांबत नाही. ब्रीदर साफ केल्यावर, चेंबरच्या जोडाच्या कडा सपाट करून घेतल्यावर आणि पुशरॉडच्या (कॅमची हालचाल हेडमधील व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या काड्यांच्या) नळ्यांची रबरे नीट मोजून बसवल्यावर माझ्या इंजिनाखाली ठेवलेला पुठ्ठा आठवडेच्या आठवडे कोरडा राहतो. पुशरॉडच्या रबरांबाबत एक सावधगिरी हवी : ती जास्त जाड असली तर हेड पूर्ण खाली बसत नाही आणि हेड पॅकिंगच फुटू लागते. तांब्याचे पॅकिंग मात्र लाल होईपर्यंत तापवून मऊ केले की पुन्हा वापरता येते. पहिल्यांदा इंजिन पूर्ण गरम होऊन थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा ताणणे आणि त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट) पुन्हा पाहणे, हे टाळू नये.

गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर तेलाच्या टाकीतील तेल पंपातील गोळीच्या बाजूने झिरपून चेंबरमध्ये उतरते आणि सुरू करताना धूर येतो. यावर उपाय म्हणून तेलाच्या नळीत तोटी बसवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो मला अजिबात मान्य नाही. ती तोटी एकदा उघडायची राहिली, तर इंजिन तेलाविना चालून काही मिनिटांत निकामी होते. पंपातील गोळ्यांची बैठक साफ करून स्प्रिंग बदलल्यावर माझ्या गाडीत हे झिरपणे नगण्य झाले आहे. गाडी सुरू केल्यावर तेलाच्या टाकीचे झाकण काढून परतीच्या नळीतून तेल येते का, हे मी दर वेळी पाहतो.

दोन अमल कॉन्सेन्ट्रिक कार्ब्युरेटरांनी सर्वाधिक वेळ घेतला, आणि तो वेळ सार्थकी लागला. यातील पायलट जेट (मंद चालीसाठी पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) आतच बसवलेले असते, ते बाहेर काढता येत नाही, आणि त्याचे छिद्र जेमतेम ०.४ मिमीचे असते. गाडी उभी राहून पेट्रोल वाळले, की त्यात डिंकासारखा थर बसतो. वरवर कार्ब्युरेटर स्वच्छ दिसतो, पण गाडी मंद चालीवर एका सिलिंडरवर चालते आणि मग लोक विनाकारण कॉइल व प्लग बदलत बसतात. बरोबर त्या मापाचा बारीक ड्रिल बोटांच्या चिमटीत धरून, न फिरवता हलकेच आत घालून हे छिद्र मोकळे करावे लागते. शिवाय कार्ब्युरेटरचे नट जास्त आवळल्याने त्याची बैठक वाकते आणि तेथून हवा शिरते. माझ्या दोन्ही बैठका काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट कराव्या लागल्या. स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर उचलले जाणारे पडदे) झिजलेल्या असल्याने नव्या घातल्या, आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातील अशा रीतीने केबल लावल्या. त्यानंतर इंजिनाची मंद चाल इतकी स्थिर झाली की सिग्नलवर थ्रॉटल धरून ठेवण्याची गरज उरली नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत फार काळ राहू देऊ नये. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर मी कार्ब्युरेटरांचे दोन्ही बाउल (पेट्रोल साठणाऱ्या वाट्या) रिकामे करतो.

विजेच्या बाबतीत पहिली गोष्ट लक्षात ठेवायची, ती अशी की या गाडीत बॅटरीची धन बाजू फ्रेमला जोडलेली असते आणि लाल वायर अर्थिंगची असते. लाल म्हणजे पुरवठा, या सवयीने कोणी जोडणी केली, तर रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि झेनर डायोड (जादा व्होल्टेज रोखणारा भाग) क्षणात जातात. माझ्या गाडीतील आधीच्या वायरिंगमध्ये अर्थिंगसाठी रंग दिलेल्या फ्रेमवरच भरवसा ठेवलेला होता. नव्या हार्नेसबरोबर हेड, फ्रेम आणि बॅटरी यांना जोडणारी स्वतंत्र अर्थिंग वायर टाकल्यापासून दिवे किंवा हॉर्न यांनी एकदाही त्रास दिलेला नाही. ठिणगीची वेळ ठरवणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट मी मुद्दाम ठेवले आहेत. ०.३८ मिमी अंतर आणि पूर्ण पुढे सरकलेल्या स्थितीत ३८ अंशांचे टायमिंग, हे दोन्ही सिलिंडरसाठी वेगवेगळे, स्ट्रोब दिव्याने तपासून लावले, की गाडी पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये सुरू होते. ज्यांना ही तपासणी करायची नाही, त्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन खुशाल बसवावे, मात्र बॅटरी चांगली ठेवावी.

नियमित देखभालीत टॅपेट थंड इंजिनावर इनलेटला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिमी ठेवतो. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना दुसऱ्याचा तोच व्हॉल्व्ह लावायचा, म्हणजे चूक होण्याची शक्यता राहत नाही. टॅपेटची झाकणे कंपनांनी सैल होऊन रस्त्यात पडतात, त्यामुळे ती दर आठवड्याला हाताने तपासतो. तेल २०डब्ल्यू-५० वापरतो आणि दर १,५०० मैलांना बदलतो. रोज सकाळी क्लच दाबून किक दोनदा खाली नेली, की प्लेटा सुटतात आणि पहिला गिअर आवाज न करता पडतो.

चालवण्याचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असल्याने सुरुवातीला मन एकाग्र ठेवावे लागते, पण ते अंगवळणी पडले की ताशी ५० ते ६० मैलांच्या वेगात ही हलकी गाडी वळणांवर ज्या सहजतेने झुकते, त्याला तोड नाही. त्यापुढे हँडल आणि पायदानांत कंपने वाढतात. बल्बचे फिलामेंट आणि मडगार्डचे स्टे यांना ती सोसत नाहीत, म्हणून मी गाडी तेथे फार वेळ ठेवत नाही. पुढचा ब्रेक दोन्ही शू एकाच वेळी टेकतील असा लावला तर पुरेसा आहे, पण पावसात अंतर राखूनच चालवावी.

सध्या एकच गोष्ट शिल्लक आहे : लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून पुन्हा उघडताना डाव्या नळीतून किंचित निळसर धूर दिसतो. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन सारखे असल्याने रिंगांवर संशय नाही. पुनर्बांधणीच्या वेळी माप मर्यादेत असल्याने तसेच ठेवलेले इनलेट गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यांतून सरकतो त्या नळ्या) आता झिजू लागले असावेत. पुढील वेळी हेड उतरेल तेव्हा गाइड बदलून व्हॉल्व्हच्या बैठका नव्याने कापून घेईन. तोपर्यंत दर हजार मैलांना लागणारे तेल मोजून वहीत लिहीत आहे.