टॉकबॅक सात महिने वापरल्यावर: आधी आवाज, मग बोटं

अँड्रॉइडवरचं टॉकबॅक, म्हणजे न दिसणाऱ्यांना स्क्रीन बोलून दाखवणारी सोय, सुरू केलं की पहिल्या आठवड्यात बहुतेकजण वैतागतात आणि दोष स्वतःच्या बोटांना देतात. सात महिने रोज वापरल्यावर मत असं झालंय, की खरी गोम आवाजात असते.

बोटांच्या खुणा मोजक्याच आहेत. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, डावीकडे सरकवलं की मागची. दोनदा टॅप केलं की ती उघडते, आणि हा टॅप स्क्रीनवर कुठेही केला तरी चालतो. यादी सरकवायला दोन बोटं, टॉकबॅकचा मेन्यू उघडायला तीन बोटांनी एक टॅप. फोन वाजला की दोन बोटांनी दोनदा टॅप करायचं, कॉल उचलला जातो. बोलणं संपलं की पुन्हा तसंच. ही खूण पहिल्याच दिवशी शिका. वाजत्या फोनवर हिरवं बटण चाचपडत बसणं म्हणजे छळ.

आता आवाज. टेक्स्ट-टू-स्पीचच्या (मजकूर आवाजात वाचण्याच्या) सेटिंगमध्ये मराठी आवाजाची फाइल डाउनलोड करून ठेवा, म्हणजे नेट नसलं तरी वाचन अडत नाही. मग टॉकबॅकच्या सेटिंगमधून वापराच्या सूचना बंद करा. नाहीतर प्रत्येक बटणामागे 'दोनदा टॅप करा' ऐकावं लागतं. वेग हळूहळू वाढवा, कान सरावतो. मात्र मराठी आकडे वेगात दगा देतात. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांची सुरुवात सारखीच, आणि फरक शेवटच्या अक्षरांत! सहा आकडी ओटीपी तर 'चार लाख अमुक हजार' असा वाचला जाण्याची भीती. त्यावर उपाय आहे: तीन बोटं सरकवत राहा, 'अक्षरे' ऐकू आलं की थांबा, मग एक बोट खाली सरकवत एकेक आकडा ऐका. रक्कम पाठवण्याआधीही हेच करावं.

टायपिंगला वेळ लागतो. कीबोर्डवर बोट फिरवायचं, हवं ते अक्षर ऐकू आलं की उचलायचं. जोडाक्षर खोडताना गोंधळ होतो, कारण बॅकस्पेस पूर्ण अक्षर नाही, त्याचा एकेक तुकडा पुसतो. 'ज्ञ'मधला ञ गेला तरी 'ज्' मागे उरतो. खोडल्यावर शब्द पुन्हा ऐकून घ्या. लांब मजकूर सरळ बोलून लिहावा.

काही अडचणींना टॉकबॅक जबाबदार नाही. एखाद्या बटणावर नुसतं 'लेबल नसलेलं बटण' ऐकू येतं, म्हणजे ॲप बनवणाऱ्याने त्याला नावच दिलेलं नाही. टॉकबॅकच्या मेन्यूतून स्वतः नाव देता येतं, पण त्या बटणाला ॲपच्या आत स्वतःची ओळख नसेल तर ती सोय चालत नाही.

मराठी वाचकांना सगळ्यात जास्त छळतात जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'कमल' छापलेलं दिसतं, पण फाइलच्या आत असतात डी, ई आणि वाय ही इंग्रजी अक्षरं. टॉकबॅक तेच वाचणार. त्याला फॉन्टचा आकार दिसत नाही. अशा वेळी पानाचा स्क्रीनशॉट काढून लुकआउटसारख्या चित्रातला मजकूर वाचणाऱ्या ॲपला द्यावा. चुका होतात, पण अर्थ लागतो.

ब्लूटूथ इयरफोन घेताना जपून. शांतता झाली की काही इयरफोन झोपी जातात आणि पुढच्या वाक्याचा पहिला शब्द गिळतात. नेमका पहिलाच शब्द बटणाचं नाव असतो. तारेचे इयरफोन या कामाला अजूनही सरस.

थोडी दृष्टी असेल त्यांनी आधी अक्षरांचा आकार वाढवावा, मग फोनमधलं स्क्रीन मोठी करणारं भिंग वापरावं. अक्षरं मोठी केली की ओळी स्क्रीनमध्येच बसतात. भिंगात प्रत्येक ओळीसाठी डावीकडे-उजवीकडे फिरावं लागतं. अँड्रॉइड 14 पासून अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत मोठी होतात. रंग उलटे करण्यापेक्षा डार्क थीम बरी. उलट्या रंगांत फोटो भुतासारखे दिसतात.

घरातल्या डोळस माणसाच्या हातात फोन गेला की 'फोन बिघडला' अशी ओरड होते, कारण एका टॅपने काहीच उघडत नाही. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक बंद, परत तशीच धरली की सुरू. हा शॉर्टकट सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवावा लागतो.