एमपीथ्रीवरून मास्टर: वरचा भाग भरायचा की दाबायचा?

गाण्याची मूळ डब्ल्यूएव्ही (काहीही न छाटलेली ध्वनिफाइल) मिळत असेल तर पुढचं वाचूच नका, आधी ती मागवून घ्या. माझ्या बाबतीत सेशन (रेकॉर्डिंगचं मूळ काम) असलेली हार्ड डिस्कच गेली होती आणि उरली होती फक्त १२८ केबीपीएसची एक एमपीथ्री. अशा फाइलवरून मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, करताना आवाजाच्या वरच्या पट्ट्यासाठी दोन उपाय सुचवले जातात. मी दोन्ही करून पाहिले.

पहिला एक्सायटर. एवढ्या कमी बिटरेटला एनकोडर (एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर) साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं छाटून टाकतो. एक्सायटर खालच्या पट्ट्यातून नवे हार्मोनिक्स (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर) काढून ती जागा भरतो. ८ ते १० किलोहर्ट्झमधल्या आवाजाचा दुसरा हार्मोनिक १६ ते २० मध्ये पडतो, म्हणजे नेमका रिकाम्या जागी. पहिली दहा सेकंदं जादू वाटते. (त्यातली निम्मी जादू आवाज जरा वाढल्याची असते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.)

दुसरा उपाय दिसायला कंजूष. फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये डीकोड करायची, म्हणजे शून्य डीबीच्या (डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या) वर गेलेली शिखरं कापली जात नाहीत. मग मिड-साइड करून, म्हणजे दोन्ही स्पीकरमधला समान भाग (मिड) आणि फरकाचा भाग (साइड) वेगळे करून, साइडचा ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग दोन-तीन डीबी उतरवायचा, ‘स’ जिथे टोचतो तिथे डायनॅमिक ईक्यू (आवाज टोचेल तेव्हाच तो पट्टा उतरवणारा) लावायचा आणि गायक मागे जाऊ नये म्हणून ३ किलोहर्ट्झच्या आसपास जेमतेम एक डीबी चढवायचा. साइडच का? जॉइंट स्टिरिओत (एमपीथ्री मिड-साइड पद्धतीने साठवते तेव्हा) तिच्या वाट्याला बहुधा कमी बिट्स येतात, म्हणून एमपीथ्रीची खळखळ तिथेच जास्त साठते.

माझा निर्णय झाला तो गाण्याच्या शेवटच्या काही सेकंदांत. वाद्यं थांबतात, सिंबल विरत जातो आणि त्या विरण्यात एमपीथ्रीची ती पाण्याखालची चिवचिव उघडी पडते. एक्सायटर लावण्याआधीही ती एमपीथ्रीत होती, पण दबलेली. एक्सायटरला सिंबल कुठला आणि चिवचिव कुठली हे कळत नाही. त्याने चिवचिवीचेही हार्मोनिक्स काढले आणि ती एक सप्तक वर जाऊन नाचू लागली. त्यापुढे लिमिटर, तो तर हळू आवाज उचलायलाच बसलेला. एक्सायटरचं प्रमाण कमी केलं तर गाणं पुन्हा निस्तेज, ऑटोमेशनने फक्त शेवटी ते आपोआप उतरवलं तर झाकण पडल्याचं स्पष्ट कळतं. तीन संध्याकाळी यात गेल्या. एकदा ऐकू आली की ती चिवचिव मग सगळ्या गाण्यात ऐकू येते.

दाबण्याच्या उपायालाही किंमत आहे. शेजारी चांगल्या स्रोतावरून केलेलं गाणं असेल तर आपलं घोंगडी पांघरल्यासारखं वाटतं. त्यावर मी अगदी बारीक हिस (सळसळ) मिसळतो. वरची पोकळी थोडी बुजते आणि कान फसतो. तालवाद्याच्या ठोक्याआधी येणारी प्री-एकोची फरफट मात्र दोन्हींपैकी कशानेच जात नाही.

फाइल १९२ केबीपीएस किंवा त्याहून वरची असेल, गाण्यात विरणारे सिंबल फारसे नसतील, तर एक्सायटर कदाचित तुम्हाला जास्त आवडेल. माझं मत एकाच प्रकारच्या गाण्यांवर बनलेलं आहे, हेही धरून चाला. लावायचाच तर फक्त मिडवर लावा आणि बायपासशी (एक्सायटर बंद असतानाच्या आवाजाशी) आवाजाची पातळी जुळवून मगच ऐका, सुरुवात नव्हे, शेवट. माझ्या त्या गाण्यावर तो बायपासच राहिला.