कॅनन ५० मि.मी. एफ/१.८ टू: फोकस कधी लागतो, कधी सुटतो, तो का?

शटरचं बटण अर्धं दाबलं की घर्रर्र आवाज येतो, व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका लागतो, फोटो नीट येतो. पुढच्याच फोटोला तोच आवाज, पण ठिपका लुकलुकत राहतो. तिसऱ्यांदा तर आवाजही नाही. कॅननच्या ईएफ ५० मि.मी. एफ/१.८ टू या लेन्सबद्दल ही तक्रार नेहमीची, आणि बरेच जण इथेच ‘मोटर गेली’ म्हणून लेन्स कपाटात टाकून देतात. मोटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो.

ही लेन्स डिसेंबर १९९० मध्ये आली. तिच्याआधीच्या, १९८७ च्या लेन्सला धातूचा माउंट (कॅमेऱ्याच्या बॉडीत अडकणारी कडी) होता, अंतर दाखवणारी खिडकी होती, वजन १९० ग्रॅम. ‘टू’मध्ये खिडकी गेली, माउंट प्लॅस्टिकचा झाला, वजन १३० ग्रॅमवर आलं. काचेत मात्र हात आखडता घेतला नाही: पाच गटांत सहा भिंगं, पूर्वीसारखीच. म्हणूनच एफ/२.८ पासून पुढे, म्हणजे उजेडाचं छिद्र थोडं लहान केलं की, ही लेन्स आजही देखणं, कडक चित्र देते. काटकसर झाली ती यंत्रणेत. आतली छोटी मोटर बारीक दातेरी चाकांतून भिंगांची नळी पुढे-मागे सरकवते. ऑटोफोकस चालू असताना हाताने रिंग फिरवायची सोय यात नाही. रिंग फिरवायची तर आधी लेन्सवरचा खटका एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) न्यायचा. तो एएफवर असताना रिंग जबरदस्तीने फिरवली की ताण थेट त्या चाकांच्या दातांवर येतो.

दोष नसताना दोष वाटतो, अशा जागा आधी तपासून घ्या. एएफ-एमएफचा खटका बॅगेत घासून अर्धवट सरकलेला असतो, तो एकदा पूर्ण एमएफवर नेऊन परत एएफवर आणा. बॉडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने फोकसचं काम मागच्या एएफ-ऑन बटणाला दिलं असेल. मग शटरचं बटण दाबून लेन्स ढिम्म हलणार नाही. आणखी एक, ही लेन्स ४५ सें.मी. पेक्षा जवळचं पकडत नाही. हे अंतर लेन्सच्या टोकापासून मोजायचं नाही, बॉडीवर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते तिथपासून मोजायचं. ४० सें.मी. वरच्या फुलावर फोकस येत-जात असेल तर त्यात लेन्सची काही चूक नाही.

यानंतर कान लावायचा. शांत खोलीत, भरपूर उजेडात, ठळक कडा असलेल्या वस्तूवर, मधल्या फोकस पॉइंटने, वन शॉट मोडमध्ये (एकदा फोकस लागला की तिथेच थांबणारा) बटण अर्धं दाबा. नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेली आणि मग थांबली, तर लेन्सची हालचाल ठणठणीत आहे. फोकस सापडला नाही तो सेन्सरला. मोटर फिरल्याचा आवाज आला पण नळी हलली नाही, तर चाकं निसटताहेत. टिक-टिक करून अडखळली, तर नळी कुठेतरी अडकते आहे. काहीच आवाज नाही, तर मोटरपर्यंत आज्ञाच पोचत नाही, आणि असा दोष बहुधा बाहेरून दुरुस्त होतो.

आता खटका एमएफवर टाकून पुढची अरुंद रिंग दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. ती रेशमासारखी फिरणार नाही, थोडी खरखर या लेन्सची जातच आहे. खरखर सगळीकडे सारखी असली की पुरे. एकाच जागी बोटाला खडा लागल्यासारखं वाटलं, की तिथे दाता झिजला आहे किंवा नळीचा मार्ग वाकला आहे. मग खटका एएफवर टाकून कॅमेरा आधी छताकडे, मग जमिनीकडे रोखून फोकस करून बघा. खाली तोंड असताना लागतो आणि वर तोंड केलं की अडतो, याचा अर्थ मोटरला नळीचं वजन उचलायला जड जातंय. फिल्टरचे ५२ मि.मी. चे आटे त्या सरकत्या नळीवरच आहेत. त्यामुळे एकावर एक दोन फिल्टर चढवले की तेवढा भार मोटर प्रत्येक वेळी ओढते, आणि नळी बाहेर असताना समोरून धक्का बसला तर तोही थेट आत पोचतो. झाकण लावताना तळहाताने दाबायची सवय तर लगेच सोडा.

आवाजच येत नसेल तर कॉन्टॅक्ट, म्हणजे लेन्सच्या मागचे बॉडीला टेकणारे सोनेरी ठिपके, साफ करा. आधी बॅटरी काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब तंतू न सुटणाऱ्या कापडावर घ्या, लेन्सवर ओतू नका, आणि सोनेरी ठिपके हलक्या हाताने पुसा. मिनिट-दोन मिनिटं वाळू द्या. पेन्सिलच्या खोडरबराने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो अजिबात ऐकू नका: सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि रबराचा चुरा मिररच्या पोकळीत पडतो. बॉडीकडच्या पिना स्प्रिंगवर असतात. लाकडी टूथपिकने एकेक पिन किंचित दाबा. जी सावकाश वर येते किंवा येतच नाही, ती तुमची गुन्हेगार. एरर ०१ म्हणजे कॅमेरा आणि लेन्समधला संवाद तुटला. लेन्स किंचित डावी-उजवीकडे हलवली की फोकस परत येत असेल, तर प्लॅस्टिकचा माउंट झिजून कॉन्टॅक्ट सुटतोय. एक बारकावा लक्षात ठेवा: एफ/१.८ ला सगळं सुरळीत आणि एफ/८ वर डेप्थ प्रिव्ह्यूचं (छिद्र आधीच लहान करून दाखवणारं) बटण दाबताच एरर, तर दोष फोकसमध्ये नाही, छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांच्या, म्हणजे डायफ्रामच्या बाजूला आहे.

फोकस लागतो, ठिपकाही येतो, पण फोटो कधी कडक, कधी मऊ, हे दुखणं वेगळं. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर, १ मीटर अंतरावर, एफ/१.८ ला नीट दिसणारा पुढून मागचा पट्टा जेमतेम पावणेतीन सें.मी. फोकस लावल्यावर श्वासागणिक पुढे-मागे झाल्यानेही डोळ्याऐवजी कान कडक येतो. म्हणून ट्रायपॉड लावा, अडीच मीटरवर ठळक छपाईचा सपाट कागद ठेवा आणि दहा फोटो काढा; दरवेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवा, पाच वेळा अनंताकडे, पाच वेळा जवळ. सगळे एकाच बाजूला चुकले तर बॉडीतल्या एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटने (फोकस किंचित पुढे-मागे सरकवायची सेटिंग) सुधारतं, सोय असेल तर. कधी पुढे, कधी मागे असे विखुरले तर कुठल्याही आकड्याने ते जुळणार नाही. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, हेच करा, क्विक मोड सोडून (तो बॉडीतला तोच फोकस सेन्सर वापरतो). तिथे हळू पण दरवेळी अचूक लागला, तर लेन्सची यंत्रणा बरी आहे आणि लक्ष बॉडीतल्या फोकस सेन्सरकडे वळवायला हवं. मिररच्या पोकळीतली धूळ हातपंपाने, कॅमेरा उलटा धरून उडवा. दाबाच्या डब्यातली हवा तिथे नको.

चाकं किंवा नळीच बिघडली असेल तर घरी उघडू नका. भिंगांचा गट तिरका बसला की चित्राची एक बाजू कायमची मऊ पडते, आणि ही लेन्स घ्यायची ती चित्रासाठीच.

मग घ्यावी का? हाताने फोकस करणाऱ्याला किंवा एफ/२.८–एफ/४ वर स्थिर वस्तू टिपणाऱ्याला, जरूर. पळत्या मुलांसाठी किंवा मंद उजेडातल्या समारंभासाठी २०१५ ची ईएफ ५० मि.मी. एफ/१.८ एसटीएम घ्या: धातूचा माउंट, डायफ्रामला पाचऐवजी सात पाती, ३५ सें.मी. पर्यंत जवळ जाणं, आणि आवाज बराच कमी. तिचीही नळी पुढे सरकते, तेव्हा धक्क्याची काळजी सुटत नाही. जुनी ‘टू’च घ्यायची ठरली तर हातात घेऊन तोंड छताकडे करा आणि जवळ-लांब असा दहा वेळा फोकस लावा. दहात एकदाही अडखळली तर परत ठेवा.