पंजा अडकवायचा की लेबॅक?

हंपीच्या ग्रॅनाइट बोल्डरवर, म्हणजे मोठ्या सुट्या खडकावर, चार-पाच मीटरची उभी भेग समोर आली की वर चढायचे दोनच रस्ते: लेबॅक किंवा जॅमिंग.

लेबॅक पटकन जमतो. भेगेची कड दोन्ही हातांनी ओढायची, पाय समोरच्या बाजूला रेटायचे आणि सरकत वर जायचं. सह्याद्रीच्या बसाल्टवर खाचा-कडा धरून चढलेल्यांना हे सोपं वाटतं. पण हात भरून येतात, आणि पाय सुटला की माणूस गर्रकन फिरून बाहेर पडतो.

जॅमिंग, म्हणजे हातपाय भेगेत अडकवून चढणं, सुरुवातीला नुसती शिक्षा वाटते. पंजा आत घालून अंगठा तळव्याकडे दुमडायचा, म्हणजे हात फुगून पाचरीसारखा बसतो. बूट आडवा करून आत सारायचा, मग गुडघा सरळ केला की पाऊल पिळलं जाऊन घट्ट बसतं. ग्रॅनाइटचे स्फटिक कातडी सोलतात, म्हणून हाताला चिकटपट्टी हवीच. (पहिल्या दिवशी मी ती लावली नव्हती. रात्री भात कालवताना कळलं.) मात्र एकदा पंजा बसला की सरळ हातावर लटकून चक्क दम खाता येतो.

पंजा मावत नाही आणि बोटं सैल पडतात, अशा रुंदीला मी लेबॅकच करतो. एरवी जॅमिंग. बोल्डरचा माथा बहुधा गोल असतो, आणि लेबॅकमध्ये तिरकं झालेलं अंग तिथे सरळ करताना खालचा क्रॅश पॅड (पडलं तर झेलणारी गादी) फार लहान दिसतो.