आधी विचारा, 'कशाचे टक्के?' : टिळकवाडीतील एका शिकवणीविषयी

माझी मुलगी बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते आणि गेल्या जूनपासून टिळकवाडीतील एका घरगुती गणिताच्या शिकवणीला जाते. टक्केवारीचे उदाहरण आले की दिसेल त्या आकड्याला दिसेल त्या आकड्याने भागायचे आणि शंभराने गुणून मोकळे व्हायचे, ही तिची सवय तेथे सुटली.

तेथील बाईंचा दंडक असा, की आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी 'शंभर म्हणजे काय' हे समासात शब्दांत लिहायचे. साखर कारखान्याचा उतारा (म्हणजे उसाच्या वजनातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) १० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेला तर साखर किती वाढली, असे त्यांनी विचारले तेव्हा बहुतेक मुलांनी 'एक टक्का' लिहिले. बाईंनी फळ्यावर एक टन ऊस मांडला : आधी १०० किलो साखर, नंतर ११० किलो, म्हणजे तेवढ्याच उसातून साखर दहा टक्क्यांनी जास्त. ज्यांच्या घरी ऊस आहे त्या मुलांना हे पुन्हा सांगावे लागले नाही.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेच्या, गुणांचे. प्रथम भाषेला १२५ आणि इतर पाच विषयांना प्रत्येकी १०० असे एकूण ६२५ गुण असतात. प्रथम भाषेत १२० आणि बाकी प्रत्येक विषयात ८० गुण मिळाले, तर ६२५ पैकी ५२० म्हणजे ८३.२ टक्के होतात. पण सहा विषयांच्या टक्क्यांची नुसती सरासरी काढली तर ८२.६७ येते. हा फरक का पडतो, हे मुलीने मला वहीवर स्वतः समजावून दिले, आणि तेव्हाच शिकवणीचे शुल्क सार्थकी लागल्याचे मला वाटले.

तक्रार आहे ती सांख्यिकीची. सरासरी, मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा) हा भाग वर्षाच्या शेवटी दोन आठवड्यांत उरकण्यात आला आणि मुलांनी सूत्रे पाठ केली. पाच घरांचे मासिक उत्पन्न १२, १३, १४, १५ आणि ९६ हजार असेल, तर सरासरी ३० हजार येते, पण मध्यक १४ हजारच. यांतला कोणता आकडा त्या वस्तीबद्दल खरे बोलतो, ही चर्चा त्या वर्गात सहज रंगली असती. मुलीचे नाव दहावीसाठीही तेथेच घातले आहे आणि हा भाग दिवाळीपूर्वी घ्यावा, अशी विनंती बाईंना केली आहे.