'कामावर सुरक्षित परत' पॅकेज घेतलं, अडीच स्टार, का ते वाचा

एजन्सीचं नाव लिहीत नाही, कोल्हापूर केवढं ते, उद्या दसरा चौकात गाठ पडायची. पण शिरोली एमआयडीसीतले दोघंतिघं विचारायल्यात की तुम्ही ते कोविडवालं पॅकेज घेतलेलं न्हवं, आम्ही घेऊ का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आमचं मशीन शॉप, वरचं ऑफिस धरून साठेक माणसं. २०२० च्या लॉकडाऊननंतर चालू केलं तेव्हा चुन्याचे गोल आखले, पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड आमच्याच वेल्डरने जुन्या पाइपाचा करून दिला (अजून चालतोय) आणि कसंबसं भागवलं. २०२१ ला कोरोनाची दुसरी लाट, मग जुलैत महापुरानं हायवेच बंद, ते सगळं आटपून माणसं परत यायला लागल्यावर मालक म्हणाले आता जरा नीट करूया. महिन्याला साडेसात हजार. त्यात दर रविवारी फवारणी, गेटवर ताप मोजायची थर्मल गन घेऊन एक पोरगा, हवा तपासणी, आणि दाराला लावायला एक गोल स्टिकर. स्टिकर झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

फवारणीवाले पहिल्या रविवारी आले, उसाला औषध मारायचा असतो तसला पंप पाठीला, आत सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच. मी सांगितलेलं की मशीन झाकून घ्या आणि गेजच्या, म्हणजे मापं तपासायच्या साधनांच्या, टेबलाकडं फिरकू नका. सोमवारी सकाळी बघतोय तर लेथच्या बेडवर तांबूस ठिपके, आणि ज्या प्लग गेजला आम्ही तेलाशिवाय ठेवत नाही त्याच्यावर गंज. इन्स्पेक्शनचे मामा काही बोलले नाहीत, नुसते कॉटन वेस्ट घेऊन पुसत बसले, ते जास्त लागलं मला. अरे आरोग्य मंत्रालयाच्या २०२० च्या सूचनेतच आहे की, धातूला ब्लीच चालत नाही तिथं ७० टक्के अल्कोहोलनं पुसा म्हणून. हेच लोक गेटवर माणसांवर फवारायचा बोगदा पण गळ्यात मारत होते, तो मी पहिल्याच मीटिंगला उडवला, माणसांवर असलं काही मारू नका हे केंद्रानं एप्रिल २०२० मध्येच सांगून झालंय.

गनवाला पोरगा गुणी, वेळेवर येतो, सगळ्यांना दादा-मामा करतो. पण पावसात गाडीवर भिजून आलेल्याचं कपाळ ९३ फॅरनहाइट दाखवतंय, पास, चला आत. आणि दुसऱ्या आठवड्यात टर्निंगचा (लेथवरचा) एक जण दुपारी मशीनजवळच बसला, हात लावला तर चटका. सकाळी गेटवर नॉर्मल कसा आला म्हटलं, तर म्हणतोय तापाची गोळी खाऊन आलो साहेब, खाडा पडतोय की.

आता ह्याला कुठली गन पकडणार सांगा. त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली, शेजारचे तीन घरी बसवले. त्या रात्री मालकांना फोन केला, ईएसआयमधून (सरकारी कामगार विमा) आजारपणात पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वरचे आपण घालू आणि खाडा धरायचा नाही असं बोर्डावर लिहू. मालक कुरकुरले पण ऐकलं. पुढच्याच आठवड्यात चौघांनी आपण होऊन सकाळी फोन केला की अंगात कणकण आहे, येत नाही. हे पॅकेजमध्ये कुठंच नव्हतं, फुकटात झालं म्हणायचं.

मग अडीच स्टार कशाचे, तर हवा तपासणीचे. त्यांची एक मुलगी आली हातात छोटं मीटर घेऊन, कार्बन डायऑक्साइड मोजायचं, बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास. वर अकाउंट्सच्या एसी केबिनमध्ये आम्ही सात जण, दार बंद, तासाभरात १८५० वर. ती म्हणाली की हा आकडा म्हणजे तुम्ही एकमेकांनी सोडलेला श्वास परत आत घेताय, ८०० च्या खाली ठेवायला बघा. अख्खी केबिन गार पडली, एसीनं नाही. दोन खिडक्या रंगानं चिकटलेल्या, स्क्रू ड्रायव्हर घालून उघडल्या, एक एक्झॉस्ट लावला, पंधरा मिनिटांत ७०० च्या घरात. खाली शॉपमध्ये शटर उघडंच असतं, तिथं आधीच बरं होतं, म्हणजे आम्ही ब्लीच मारत होतो खाली आणि धोका होता वर.

कँटीनला पण तिनंच मीटर ठेवलं, मास्क काढून चौघं एका डब्याभोवती खर्डा-भाकरी खातात तिथं. जेवणाच्या तीन पाळ्या केल्या आणि बाकडी बाहेर शेडमध्ये नेली. पावसाचा सपकारा येतो, शिव्या मलाच बसतात.

तसलं मीटर आता आम्ही स्वतःचं घेतलंय. एजन्सीला सांगितलं फवारणी बंद, हवा तपासणी तेवढी चालू ठेवा. काल बिल आलं, फवारणीचे चार रविवार लावलेत, आले होते दोनदा.