कॉलेज बास्केटबॉलची क्रमवारी: यूसीएलए की केंटकी?

अमेरिकेतील पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ संघ ठरवताना केवळ विजेतेपदे मोजायची असतील, तर यूसीएलएच्या (लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) ११ राष्ट्रीय विजेतेपदांपुढे वादच उरत नाही. जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत १० विजेतेपदे पटकावली, त्यांपैकी ७ तर सलग, आणि लागोपाठ ८८ सामने जिंकण्याचा पराक्रमही त्याच काळातला आहे. परंतु वुडन निवृत्त झाल्यानंतर हे यश यूसीएलएला पुन्हा लाभले ते केवळ १९९५ मध्ये; म्हणूनच पहिले स्थान मी केंटकी विद्यापीठाला देतो, कारण त्यांची १९४८ ते २०१२ या काळातील ८ विजेतेपदे अडॉल्फ रप यांच्यापासून जॉन कॅलिपारी यांच्यापर्यंत पाच वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी मिळवून दिली आहेत.

यूसीएलए दुसरे, तर नॉर्थ कॅरोलायना तिसरे. १९८२ च्या अंतिम सामन्यात प्रथम वर्षाच्या मायकेल जॉर्डनने निर्णायक बास्केट केली ती याच संघासाठी. ड्यूकची पाचही विजेतेपदे माइक शिशेव्हस्की या एकाच प्रशिक्षकाची असल्याने तो संघ माझ्या यादीत चौथा आहे. कनेक्टिकटने मात्र १९९९ ते २०२४ एवढ्या अल्पावधीत सहा विजेतेपदे मिळवून जुन्या घराण्यांची झोप उडवली आहे.

जाता जाता कॅन्सस विद्यापीठाच्या संघाविषयी: त्यांचे पहिले प्रशिक्षक म्हणजे या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ. गंमत अशी, की जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरलेले तेथील एकमेव प्रशिक्षकही तेच.